कचारगडच्या पायथ्याची रात्र

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली आगगाडी गोंदियाच्या पुढे गेली, की भाताची सपाट शेते हळूहळू मागे पडू लागतात आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येतात. सालेकसा मागे टाकल्यावर दरेकसा हे लहानसे स्थानक लागते. महाराष्ट्राची हद्द येथे जवळजवळ संपते. पलीकडे छत्तीसगड राज्य आहे. सभोवती दाट अरण्य, जवळच डोंगर फोडून काढलेला आगगाडीचा बोगदा, आणि पावसाळ्यात उंचावरून कोसळणारा हाजरा धबधबा, असा हा रम्य परिसर एरवी शांत असतो. परंतु माघ महिन्याची पौर्णिमा जवळ आली, की या शांततेचा भंग होतो. खांद्याला ढोल अडकवलेली माणसे येथे उतरू लागतात. कोणी तेलंगणातून आलेले असतात, कोणी मध्यप्रदेशातून, कोणी ओडिशातून. परस्परांना भेटताच ते 'जय सेवा' असे म्हणून अभिवादन करतात. या सर्वांना जावयाचे असते कचारगडला.

दरेकसाजवळच्या डोंगरात ही कचारगडची प्रशस्त नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाज तिला आपल्या पूर्वजांचे मूळस्थान मानतो. या स्थानाविषयी समाजात जी कथा सांगतात ती अशी : फार प्राचीन काळी काली कंकाली मातेची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली आणि गुहेच्या तोंडावर एक प्रचंड शिळा लावण्यात आली. कोणाच्याही बळाने ती हलेना. तेव्हा पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी मुलांच्या सुटकेचा निश्चय केला. त्यांच्या साहाय्यास हिरासुका पाटालीर नावाचा एक वादक आला. त्याने गुहेबाहेर बसून आपले तंतुवाद्य छेडले. ते स्वर आत पोहोचताच भुकेने व भयाने खचलेल्या मुलांच्या अंगी नवे बळ संचारले. सर्वांनी मिळून आतून जोर केला आणि शिळा ढासळली. मुले मोकळी झाली. परंतु ती शिळा गडगडत आली ती थेट वादकाच्या अंगावर, आणि हिरासुका तिच्याखाली चिरडला गेला.

कथेत शस्त्राने वा मंत्राने काही घडत नाही, जे घडते ते वाद्याने घडते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे येथे येणारा प्रत्येक समूह आपले वाद्य बरोबर का आणतो, हे निराळे सांगावयास नको.

आजच्या यात्रेला सध्याचे स्वरूप १९८० नंतरच्या दशकात येऊ लागले. प्रारंभी मोजकी मंडळी येत. आता यात्रा काही दिवस चालते आणि अनेक राज्यांतून भाविक येतात. पायथ्याच्या धनेगावात आणि आसपास त्यांचे तळ पडतात. मोठ्या शहरांत अलीकडे अशी एक प्रथा आहे, की एकाच रात्री अनेक छोट्या सभागृहांत निरनिराळे वाद्यवृंद आपापली गाणी सादर करतात आणि रसिक या दारातून त्या दारात हिंडत राहतो. कचारगडच्या पायथ्याला सभागृहे नाहीत, तिकिटे नाहीत, आणि गाणारा कोण व ऐकणारा कोण हेही पुष्कळदा सांगता येत नाही. परंतु ज्या अनेक मुलखांतून ही मंडळी येतात, त्या प्रत्येकाचे संगीत मात्र वेगळे आहे.

मंडला भागातील लोकांचे कर्मा नृत्य मांदराच्या तालावर चालते. मांदर हे दोन तोंडांचे चर्मवाद्य असून ते गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवितात. त्याच्या गंभीर घुमण्याला टिमकीची साथ असते. टिमकी आकाराने लहान, पण काड्यांनी वाजवू लागले म्हणजे तिचा तीक्ष्ण आवाज दूरवर जातो. सैला नृत्यात नर्तकांच्या हातात काठ्या असतात आणि त्यांचा आघात हाच ताल ठरतो. गडचिरोली व बस्तरकडील रेला गाण्यांत तरुण-तरुणी हातात हात गुंफून फेर धरतात. आदिलाबादचे गुसाडी नर्तक मोरपिसांचा भव्य मुकुट धारण करतात. त्यांचा खरा उत्सव दिवाळीचा. या नृत्याचे ज्येष्ठ जाणकार कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री हा किताब मिळाला होता.

परंतु या साऱ्या वाद्यांत ज्याची माहिती मुद्दाम करून घ्यावी असे एकच वाद्य आहे, आणि दुर्दैवाने ते सर्वांत हळू आवाजाचे आहे. ते म्हणजे परधानांचा बाना. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. पोकळ लाकडावर कातडे ताणून, त्यावर घोड्याच्या केसांच्या तीन तारा बसवून हे वाद्य सिद्ध करतात आणि ते गजाने वाजवितात. गोंडांचा बडा देव साजाच्या, म्हणजे आपण ज्याला ऐन म्हणतो त्या वृक्षात वास करतो. बाना वाजवून परधान त्याला जागवितो, अशी श्रद्धा आहे. परधान आपल्या यजमानांच्या घरी ठराविक वर्षांनी जाई, त्यांच्या कुळाची व राजांची गाणी गाई आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र किंवा जनावर घेऊन परते. शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर १९४६ साली एक ग्रंथ लिहिला. ज्या समाजाचा इतिहास कागदावर नव्हता, त्याचा इतिहास या तीन तारांवर होता, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

यांतले थोडेसे कागदावरही आले. नागपूरला राहणारे स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले होते. १८६३ साली नदी ओलांडताना ते बुडून मरण पावले. पुढे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे प्रसिद्ध केली. त्या गीतातही गुहा आहे, तिच्या तोंडावर सोळा हातांची शिळा आहे. मात्र तपशील कचारगडच्या कथेहून निराळे आहेत. त्यात एक गमतीचा प्रसंग आहे. लिंगो झाडावर चढून वाद्य वाजवू लागतो, आणि खाली रिकाड गवाडी नावाचा म्हातारा, जो क्षणापूर्वी रागाने लाल झालेला असतो, तो नाचू लागतो. पाठोपाठ त्याची म्हातारीही नाचते. दोन ठिकाणच्या गाण्यांत असा फरक पडला म्हणून एक खरे व दुसरे खोटे ठरत नाही. मुखाने गायिले जाणारे गीत गायकाबरोबर बदलते. छापलेले तेवढे जागच्या जागी राहते.

मात्र गाणे जिवंत राहावयाचे तर त्याची भाषा समजणारा कोणी असावा लागतो. गोंडी ही तेलुगू व कन्नड यांच्याप्रमाणे द्राविडी कुळातील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक होती. गोंडी ही मातृभाषा सांगणारे मात्र सुमारे तीस लाखच होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत गोंडीचा समावेश नाही. पाटनगढचे जनगढसिंह श्याम हे परधान कुळातले. त्यांनी पूर्वजांच्या गाण्यांतील देव, वृक्ष व प्राणी रंगांनी चितारले आणि ती चित्रे देशोदेशी गेली. चित्र पाहण्यासाठी भाषा लागत नाही. बाना ऐकण्यासाठी ती लागते.

अलीकडच्या यात्रांतून व्यासपीठे आली, ध्वनिक्षेपक आले. दूर बसलेल्याला त्यामुळे ऐकू येते, हा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे. तरीपण घोड्याच्या केसांतून निघणारा स्वर त्या गोंगाटात टिकत नाही. तो ऐकावयाचा तर गायकाच्या अगदी जवळ, मांडीला मांडी लावून बसावे लागते.

दिवस उजाडला की यात्रेकरू गुहेकडे वळतात. सात रंगांचे ध्वज पुढे असतात आणि ढोल वाजत असतात. वाट चढणीची आहे. गुहेपाशी पोहोचल्यावर जाणती माणसे लहान मुलांना तेथील मोठमोठ्या शिळा दाखवितात आणि हिरासुकाची कथा पुन्हा आरंभापासून सांगू लागतात.