डोंगरात निघालात? आधी कागद-पेन्सिल घ्या

दिवाळी झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आम्ही मंडळी दाजीपूरला निघालोय. मला झेपेल का?" विचारणाऱ्याने बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असते. मी सांगतो, "जरूर जा. पण आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा." हे शहाणपण मला एका चुकीतून आले आहे, आणि ती चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी सकाळी फिरायला जाणारे आम्ही आठजण दाजीपूरला गेलो. वारणानगरहून कोल्हापूर, राधानगरी करत तीनेक तासांचा प्रवास. पहाटे साडेचारला निघालो. सर्वांनी शिस्तीने घरीच गोळ्या घेतल्या. न्याहारी राधानगरीत करायची ठरली होती, पण तेथे पोहोचायला उशीर झाला. "आता वर जाऊनच खाऊ," असे मीच म्हणालो. वाटाड्याला घेऊन चालायला लागलो. तासाभराने आमच्यातले एक निवृत्त मास्तर उगाच चिडू लागले. एरवी माणूस अत्यंत शांत. हवा गार, तरी सदरा घामाने भिजलेला. "डॉक्टर, डोळ्यांपुढं अंधारी येतीय हो," म्हणत ते मटकन खाली बसले.

रक्तातील साखर उतरली होती. माझ्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र होते, पट्ट्या होत्या, मलम होते. साखर मात्र नव्हती! वाटाड्याच्या खिशात गुळाचा खडा निघाला. तो पाण्यात कालवून पाजला. पंधरा-वीस मिनिटांत मास्तर माणसात आले. तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या मला त्या दिवशी एका गुळाच्या खड्याने धडा दिला.

गोळी आणि न्याहारी

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने पोटात काही न घालता चढ चढू नये. चालताना स्नायू साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम चालणे थांबल्यावरही काही तास राहतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी. रक्तदाबासाठी अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर छातीत धडधड होत नाही, त्यामुळे धोक्याची सूचना उशिरा मिळते. सहलीच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. खिशात साखरेची पुडी हवीच. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि दवाखान्यात न्यावे.

वेळेचा हिशेब

स्कॉटलंडमधील नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा सांगितला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा. आपण पन्नाशीच्या लोकांनी त्याची दीडपट करावी. दहा किलोमीटरची वाट आणि तीनशे मीटर चढ असेल तर आडाख्याने अडीच तास, आपले पावणेचार. विश्रांती, जेवण धरून पाच. सकाळी आठला निघालात तर एक वाजता परत. हिशेब नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा धरावा आणि त्यालाच पुढे ठेवावे. "अमुक वाजता असू तेथून मागे फिरायचे," ही वेळ घरीच ठरवावी.

तयारीला लांब जायला नको. पन्हाळा आणि जोतिबा आपल्या अंगणातच आहेत. सहा आठवडे दर रविवारी थोडा थोडा चढ वाढवा. चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप असे काही झाले तर सहल बाजूला ठेवून आधी तपासणी करा.

जंगलाची शिस्त

दाजीपूरचे जंगल पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी राखीव झाले, पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून वाढले. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हा आपण तेथे पाहुणे आहोत. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, म्हणून वन विभागाकडे चौकशी करूनच तारीख ठरवा. परवानगी, वाटाड्या आणि नेमून दिलेली वाट सोडू नका. एकटा गवा दिसला तर थांबा आणि हळूच मागे सरा. अत्तर, विडी, धूर टाळा. वर आग्या मोहोळ असू शकते.

पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी असावे. क्षारसंजीवनीची पुडी लिटरभर पाण्यातच कालवावी. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. पाय हलू न देता माणसाला उचलून दवाखान्यात न्यावे. घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का पाहा. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "जंगलात गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून कोण, कोठून, कोणत्या वाटेने आणि किती वाजता परतणार हे कागदावर लिहून घरी ठेवा. त्याखाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांकही लिहा.

मास्तर दरवर्षी येतात. निघताना खिशातली पुडी दाखवून मला विचारतात, "डॉक्टर, तुमची कुठाय?" मीही खिशात हात घालून दाखवतो.