प्रवाळाचा घास

प्रवाळांच्या टाकीवरचा दिवा मंद झाला की भरवायला घ्यायचं. आधी फिल्टरची मोटर आणि घाण उपसणारा स्किमर बंद. पाणी हलवणारा छोटा पंप तेवढा चालू ठेवायचा.

आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दिवसाभरात अर्ध्या मिलिमीटरची नारिंगी पिल्लं निघतात. बाटलीला एका बाजूनं टॉर्च लावला की ती उजेडाकडे धावतात, कवचं मागं राहतात. पिल्लं गाळून, गोड्या पाण्यात धुऊन ड्रॉपरनं झोअँथिडच्या गुच्छावर सोडायची. (शास्त्रानं झोअँथिड मऊ प्रवाळ नव्हेत, पण दुकानात त्याच रांगेत बसतात.) त्यांच्या तोंडाभोवतीची झालर थरथरते आणि बटव्याची नाडी ओढावी तशी कड आत वळते.

शेजारच्या लेदर कोरल या मऊ प्रवाळाला याचं काहीच नाही. पिल्लू त्याच्या आठ दातेरी शुंडकांना घासून निघून जातं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, तीच उजेडावर साखर करून त्याला पोसतात. शेजारच्या आजींनी विचारलं, "हे जनावर हाय ना? मग खातं काय?" उजेडावर भागतं म्हटल्यावर म्हणाल्या, "आमच्या लिंबागत मग."

सगळ्यांचं तसं भागत नाही. तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावरचं संशोधन 1995 मध्ये 'सायन्स'मध्ये आलं: अंगात शैवाल नसलेला हा मऊ प्रवाळ मुख्यतः पाण्यातल्या वनस्पतिप्लवकांवर जगतो. त्याला अन्न अखंड वाहतं लागतं. घरच्या टाकीत तो बहुधा उपाशी मरतो. रंगाला भुलून घेऊ नये. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून तुकडा उचलून आणायचा विचारही नको.

वाढ हवी म्हणून घास वाढवणारे शेवटी शेवाळच पोसतात. उरलेलं कुजतं, नायट्रेट-फॉस्फेट चढतं. माझ्या मते आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं.

इथं पाथर्डीत खरी मेहनत पाण्याची. बोअरचं पाणी जड, म्हणून आधी आरओ, मग लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास समुद्री मीठ. टँकरच्या तालुक्यात हा शौक डोळ्यात खुपतोच. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला जातं, एवढीच भरपाई. एप्रिल-मेत पंख्यानं टाकी गार राहते, पण कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि मीठ मागं राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच.

लेदर कोरल अधूनमधून मिटून बसतो, अंगावर मेणचट साय धरतो. नवखे घाबरून त्याला भरवत सुटतात. तो उपाशी नसतो, कात टाकत असतो. पंपाचा झोत थोडा वाढवला की साय सुटून जाते. तोवर ड्रॉपर कपाटात.