दोघी बोलतायत की एकच?

‘याला सुराचा कानच नाही,’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. स्नेहसंमेलनाचं समूहगीत बसवताना एखाद्या पोराला सांगितलं जातं, ‘तू नुसते ओठ हलव.’ ते पोर बहुधा जन्मभर नुसते ओठच हलवत राहतं. मलाही लहानपणी हेच सांगितलं होतं. पुढे गझल लिहू लागलो आणि मात्रा घसरली की घासात खडा लागल्यासारखं होऊ लागलं. पण हा कान काही मी जन्मताना घेऊन आलो नव्हतो. जाणत्यांनी ओळींवर काट मारून मारून तो घडवला. मग सुराचा कान तेवढा जन्मजात कसा असेल?

हे बघायचं तर मिरजेला जावं. इथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हे हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा. मधल्या दोन एकाच षड्जात लावतात, तिला जोड म्हणतात. ही जोड जुळवणं हीच खरी परीक्षा. समजा, एक तार सेकंदाला २०० वेळा कंप पावते आणि दुसरी २०१ वेळा. दोन्ही एकत्र छेडल्या की आवाज सेकंदाला एकदा फुगतो नि ओसरतो. फरक कमी केला की लाट संथ होते. पुरता मिटला की लाट राहतच नाही. आधी खुंटीने तार जवळ आणायची, मग घोडीमागचा मणी केसभर सरकवायचा.

एका कारखान्यात एक वयस्क कारागीर नातवाला हे शिकवत होते. सुरांची नावं नाहीत, व्याख्यान नाही. जोड छेडायची आणि विचारायचं, ‘दोघी बोलतायत, की एकच?’ पोरगा म्हणाला, ‘एकच.’ चाचा म्हणाले, ‘नाही, दोघी. परत ऐक.’ मणी जरासा सरकला, पुन्हा तोच प्रश्न. अर्ध्या तासात तीसेक वेळा तरी झालं असेल. शेवटी शेवटी पोरगा जो फरक सांगत होता, तो मला ऐकूच येईना.

ध्वनिशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जवळपास हेच करतात. दोन स्वर ऐकवायचे, वरचा कोणता ते विचारायचं, उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगायचं. बरोबर येऊ लागलं की फरक आणखी बारीक करायचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगीत न शिकलेल्यांना सुरुवातीला जो फरक लागे, तो पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वादकांना लागणाऱ्या फरकाच्या सहापटीहून मोठा होता. मग नवख्यांकडून असा सराव करून घेतला. चार ते आठ तासांत ते त्या वादकांच्या बरोबरीला आले! दहा-दहा वर्षांच्या रियाजाशी ही बरोबरी फक्त एवढ्या एका कामापुरती, हे खरं. राग त्यांना आला नाही. पण फरक ऐकू येणं ही देणगीच असती, तर आठ तासांत ती कुठून आली असती?

बदल कानात होत नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते. तीव्र स्वर तिच्या तोंडाशी उमटतात, खर्जाचे आत, टोकाकडे. मेंदूकडे खबर नेणाऱ्या पेशी प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार. त्या रियाजाने वाढत नाहीत आणि गेल्या तर परत उगवत नाहीत. (मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे पोरांना उभं करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.) बदलतो तो मेंदू. आलेल्या खबरेतलं नेमकं काय टिपायचं, हे तो शिकतो.

काही थोड्या माणसांना जन्मतःच सुरांतला फरक उमगत नाही, हेही खरं आहे. पण बेसूर गाणारा प्रत्येक जण त्यातला नव्हे. पुष्कळांना फरक नीट ऐकू येतो, गळ्याला तो धरता येत नाही. ती दोन वेगळी दुखणी आहेत आणि ओठ हलवायला सांगणारे गुरुजी ती वेगळी करून बघत नाहीत.

घरात पेटी असेल तर बघता येईल. पोराला पाठमोरं बसवा. आधी षड्ज आणि पंचम वाजवून वरचा कोणता ते विचारा. गायला सांगू नका. चुकलं तर लगेच सांगा, पण रागावू नका. मग अंतर कमी करत शेजारच्या पट्टीपर्यंत या. काळी एकचा स्वर सेकंदाला सुमारे २७७ कंपनांचा, पुढची पांढरी दोन सुमारे २९४ची. रोज दहा मिनिटं पुरे. इथवर आल्यावर मात्र पेटी थांबते, कारण या दोहोंच्या मधली जागा तिच्यात नाहीच. तिथून पुढे तंबोरा घ्यावा आणि मणी सरकवावा.