कोड खरा, बॅग खोटी
लेखमाला : वापरलेल्या वस्तूंचा बाजार – भाग ५

मागच्या भागात आपण जुन्या सोन्याबद्दल बोललो. तिथे ग्राहकाच्या पाठीशी एक यंत्रणा उभी आहे. दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की शुद्धता समोर येते. आजचा विषय आहे वापरलेल्या डिझायनर हँडबॅगा. लुई व्हिटॉन, शनेल, गुची, प्राडा, हर्मेस या कंपन्यांची एखादी बॅग दागिन्याइतकी महाग असू शकते, पण तिला हॉलमार्क नाही. तिचा खरेपणा सांगणारी कोणतीही सरकारी नोंद ग्राहकाच्या हाती नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या दुसरीकडून घेतलेल्या बॅगेला खरेपणाचा दाखलाही देत नाहीत.

तरीही हा बाजार वाढतो आहे आणि तो वाढावा, असं मला मनापासून वाटतं. चांगल्या कातड्याची, नीट शिवलेली बॅग दोन पिढ्या टिकते. एकीच्या कपाटात पडून राहिलेली बॅग दुसरीने परवडणाऱ्या किमतीत घेऊन रोज वापरावी, यात दोघींचंही भलं आहे. पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून अशी एकच बॅग घेणाऱ्या मुली असतात. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली बॅग न वापरता विकायला काढणाऱ्या गृहिणी असतात. त्यांच्यासारख्यांचीच फसवणूक सगळ्यात जास्त जिव्हारी लागते. म्हणून आजचा भाग नीट वाचा आणि घरातल्या मुलींनाही वाचायला द्या.

क्रमांकावर किती विसंबायचं?

ऑनलाइन जाहिरातीत हमखास दिसणारं वाक्य म्हणजे ‘कोड आहे, बॉक्स आहे, डस्ट बॅग आहे, बिल आहे’. यातलं प्रत्येक बनावट मिळतं. बॉक्स आणि डस्ट बॅगा वेगळ्या विकल्या जातात, बिलं छापता येतात. उरतो कोड.

लुई व्हिटॉनच्या बॅगेत आतल्या बाजूला, एखाद्या शिवणीजवळ किंवा कातड्याच्या छोट्या पट्टीवर, दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. अक्षरं कारखान्याची. २००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा होतो, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. २१४९ म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. वर्षात साठावा आठवडा नसतो, त्यामुळे या पद्धतीच्या कोडमध्ये पहिलाच आकडा सहा किंवा त्याहून मोठा दिसला तर पुढे बघायचीही गरज नाही. पण कोडचा हिशेब जुळला म्हणजे बॅग खरी, असं मात्र नाही. हा कोड प्रत्येक बॅगेचा स्वतंत्र क्रमांक नव्हताच. त्या आठवड्यात त्या कारखान्यात बनलेल्या अनेक बॅगांवर तोच कोड असे. खऱ्या बॅगेवरचा कोड पाहून तो हजार खोट्या बॅगांवर उमटवणं सोपं आहे. मार्च २०२१ पासून कंपनीने कोड बंद करून बॅगेत मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. त्यामुळे ‘२०२३ ची बॅग, डेट कोडसह’ अशी जाहिरात दिसली तर ती सोडून द्या. चिपमधली माहिती वाचण्याची सोय कंपनीकडे आहे, तुमच्या-आमच्या फोनमध्ये नाही.

शनेलच्या बॅगेत १९८० च्या दशकापासून अनुक्रमांकाचं स्टिकर आणि त्याच क्रमांकाचं कार्ड येत असे. २०२१ मध्ये त्यांची जागा चिप असलेल्या छोट्या धातूच्या पट्टीने घेतली. या क्रमांकांचं काय होऊ शकतं, हे न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात दिसलं. जुन्या फॅशनच्या वस्तू विकणाऱ्या ‘व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड’ या कंपनीवर शनेलने २०१८ मध्ये दावा लावला. इटलीतल्या एका उत्पादकाकडून चोरीला गेलेले आणि शनेलने रद्द केलेले अनुक्रमांक तिथे विकलेल्या काही बॅगांवर आहेत, असा एक मुद्दा त्यात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने शनेलच्या बाजूने निकाल देत ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. नावाजलेल्या दुकानाच्या बाबतीत हे घडतं, तर इन्स्टाग्रामवरच्या फोटोतल्या क्रमांकाची काय हमी?

बॅगेचं अंग काय सांगतं

कोडपेक्षा शिवण, कातडं आणि धातू जास्त बोलतात. चार उदाहरणं घेऊ.

लुई व्हिटॉनची ‘स्पीडी’ समोरून पाहिली तर अक्षरं सरळ दिसतात आणि मागून पाहिली तर उलटी. अनेकांना ती चूक वाटते. जुन्या घडणीच्या स्पीडीत कॅनव्हासचा एकच अखंड तुकडा तळाखालून दुसऱ्या बाजूला नेलेला असतो, म्हणून मागची नक्षी उलटी येणारच. दोन्हीकडे सरळ अक्षरं असलेली तशी स्पीडी दिसली तर शंका घ्या.

याच कंपनीच्या अनेक बॅगांचे बंद आणि किनारी प्रक्रिया न केलेल्या गाईच्या कातड्याच्या असतात. नवं असताना ते कातडं फिकट असतं. ऊन आणि हाताचा घाम लागून हळूहळू मधासारखं तांबूस होतं. ‘दहा वर्षं रोज वापरली’ म्हणणाऱ्या बॅगेचे बंद पांढुरके असतील, तर ते बदलले आहेत का, कुठे बदलले, हे विचारा.

शनेलच्या फ्लॅप बॅगेवर चौकटीची शिवण असते. मागच्या खिशाच्या कडेशी त्या चौकटी बॅगेच्या अंगावरच्या चौकटींशी जुळायला हव्यात. कडीवरच्या दोन गुंफलेल्या अक्षरांत वरच्या बाजूला उजवं अक्षर डाव्यावरून जातं आणि खाली डावं उजव्यावरून.

हर्मेसची ‘बर्किन’ १९८४ पासून बनते. तिचे टाके दोन सुयांनी हाताने घातलेले असतात आणि किंचित तिरके दिसतात. यंत्रावर शिवल्यासारखी एकजात सरळ रेघ दिसली तर सावध व्हा.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करायला हवा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत कपाटात बंद राहिलेल्या बॅगेला बुरशी लागते. जुन्या लुई व्हिटॉन आणि गुची बॅगांच्या आतल्या खिशांचं अस्तर चिकट होऊन सोलतं. बॅग शंभर टक्के खरी असली तरी ही दुरुस्ती महागात पडते. आतल्या खिशात हात घालून काढलेला व्हिडिओ मागा आणि वास येतो का, हेही स्पष्ट विचारा.

या खुणांनी खोटी बॅग पकडता येते, खरी बॅग सिद्ध होत नाही. हल्लीच्या उत्तम नकला यातल्या बऱ्याच परीक्षा पास होतात. म्हणून खरेदी अशा रीतीने करा, की बॅग खोटी निघाली तरी पैसे परत मागण्याचा रस्ता उघडा राहील. या सगळ्या बाजारात ग्राहकाला खरं संरक्षण देणारी गोष्ट हीच आहे.

कुठे घ्यायची?

विकणारे मंच तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात फक्त गाठभेट घालून दिली जाते. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, इन्स्टाग्रामवरची खाती यात येतात. इथे बॅग कुणी तपासत नाही. दुसऱ्या प्रकारात विक्रेता वेगळा असतो, पण पैसे मंचाकडे थांबतात आणि बॅग वाटेत तपासली जाऊ शकते. २००९ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेला व्हेस्टिएअर कलेक्टिव्ह हे त्याचं उदाहरण. बॅग थेट विक्रेत्याकडून येणार असेल तर तपासणीचा पर्याय तुम्हाला स्वतः निवडावा लागू शकतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी तो तपशील वाचा. तिसऱ्या प्रकारात कंपनी बॅग स्वतःच्या ताब्यात घेऊन, तपासून, फोटो काढून विकते. अमेरिकेतल्या द रिअलरिअल आणि फॅशनफाइल, भारतात कॉन्फिडेन्शियल कूचर अशा कंपन्या या वाटेने गेल्या.

पहिल्यांदाच घेत असाल तर दुसरा किंवा तिसरा प्रकारच निवडा. तिथे दोन प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत : बॅग खोटी ठरली तर पूर्ण पैसे परत मिळतात का, आणि तक्रार किती दिवसांत करायची?

‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘मिरर क्वालिटी’, ‘सेव्हन ए’ हे शब्द मुंबईच्या बाजारांत राजरोस ऐकू येतात. या सगळ्यांचा अर्थ नकली माल, एवढाच. लुई व्हिटॉन कधी सेल लावत नाही आणि तिची आउटलेट दुकानंही नाहीत. शनेल आपल्या हँडबॅगा ऑनलाइन विकत नाही. त्यामुळे ‘आउटलेटमधून आणलेली लुई व्हिटॉन’ किंवा ‘शनेलच्या वेबसाइटवरून मागवलेली नवी बॅग’ ही गोष्ट इथेच संपते. कोचची मात्र आउटलेट दुकानं आहेत. तिथे खास आउटलेटसाठी बनवलेल्या बॅगाही मिळतात. त्या खऱ्याच असतात, पण पुनर्विक्रीत त्यांना कमी भाव येतो.

पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडातले फोटो मागा : चारही कोपरे, तळ, बंदांची टोकं, चेनच्या रनरची मागची बाजू, आतला ठसा, अस्तर. बॅगेशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्सवर टाकून तो दुसरीकडून उचललेला नाही ना, हे बघा. भाव ठरवताना लोक किती मागतात याकडे न बघता तशाच बॅगा प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या ते पाहा.

पैसे मंचाच्या आतच द्या. ‘कमिशन वाचेल, व्हॉट्सॲपवर या’ हे वाक्य आलं की संवाद थांबवा, कारण मंचाबाहेर गेलेल्या पैशावर मंचाचं संरक्षण राहत नाही. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल बँकेकडे वाद उपस्थित करता येतो. यूपीआयने गेलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं. पार्सल उघडताना सीलपासून शेवटपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. मंचाने लावलेला टॅग खात्री पटेपर्यंत तोडू नका, कारण टॅग तुटला की परतीचा हक्क सहसा जातो. तक्रारीच्या मुदतीतच बॅग तज्ज्ञाकडून तपासून घ्या. सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या छायाचित्रांवरून बॅग ओळखणारी एन्ट्रुपीसारखी तंत्रं काही व्यावसायिक वापरतात.

परदेशी मंचावरून मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री वगळता वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित गटात आहे, तिला परवाना लागतो. असं पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. मगर किंवा अजगराच्या कातड्याची बॅग असेल तर वन्यजीव कायद्याची कागदपत्रंही लागतात.

विकताना

खरी वस्तू खऱ्या मार्गाने घेतली असेल तर ती पुन्हा विकण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ तो मान्य करतो. खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्याला मात्र त्याच कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. भेट आलेल्या बॅगेबद्दल खात्री नसेल तर आधी तपासून घ्या, मगच जाहिरात द्या.

फोटो टाकताना कोडचे काही आकडे झाका, नाहीतर तुमचाच कोड नकली बॅगांवर जाईल. बिलावरचं नाव, पत्ता, कार्ड क्रमांकही झाका. ओरखडे, डाग, सोललेलं अस्तर स्वतःहून दाखवा. त्याने भाव थोडा उतरेल, पण भांडण टळेल. बॅगेची एखादी खासगी खूण टिपून ठेवा आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढा, कारण खरी बॅग ठेवून घेऊन नकली परत पाठवणारे खरेदीदारही असतात. कुरिअरचा विमा पूर्ण किमतीचा करा.

पैसे जमा झाल्याचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. सैन्यात असल्याचं सांगून ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारे अजूनही भेटतात. पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही.

फसवणूक झालीच तर

ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मंच किंवा व्यावसायिक विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जाहिरात, चॅट, बिल, व्हिडिओ यांतलं काहीही पुसू नका. आणि गप्प बसू नका. ‘एवढी महाग बॅग कशाला घेतलीस’ असं कुणी म्हणेल म्हणून कितीतरी जणी तक्रारच करत नाहीत आणि तोच विक्रेता पुढच्या आठवड्यात दुसरीला गाठतो. तुमची एक तक्रार त्याचं खातं बंद पाडू शकते. ती जरूर करा.

पुढच्या भागात : वापरलेली मनगटी घड्याळं.