थंड बुलेटची पहिली किक: काय खरं, काय ऐकीव

जुनी बुलेट सुरू करायची तर मांडीत जोर पाहिजे, हा समज इतका मुरलाय की घरात आजोबांची किंवा वडिलांची गाडी उभी असूनही कित्येक जण तिच्या किकवर पाय ठेवायला धजत नाहीत. पॉइंटवाली ३५० सीसीची बुलेट असो, म्हैसूरची जावा असो की राजदूत, गाडी नीट असेल तर डिसेंबरच्या पहाटेही बेताच्या अंगाच्या माणसाचं वजन तिला पुरतं. अडतं ते इंजिनाच्या आत काय घडतंय याची कल्पना नसल्यामुळे.

द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. गरम इंजिनात वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरतं, कारण ते जवळजवळ सगळंच वाफ होऊन जातं. गार इंजिनात बरेचसे थेंब इनलेटच्या आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटून राहतात आणि पेट्रोलमधल्या हलक्या घटकांचीच काय ती वाफ होते. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेब सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात, कार्ब्युरेटरच्या गाडीत तो चालवणाऱ्याने करायचा असतो. बहुतेक गैरसमज या हिशेबातच आहेत.

किक मारण्याआधी ॲक्सिलरेटर चार-पाच वेळा पिळून घेण्याची सवय अगदी सर्रास दिसते. फियाटसारख्या जुन्या मोटारींच्या कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंप असायचा, त्यामुळे पेडल दाबलं की आत पेट्रोलची पिचकारी उडायची. बुलेट, जावा, राजदूतच्या कार्ब्युरेटरला तसा पंपच नाही. तिथे मूठ पिळली की फक्त आतला स्लाइड वर-खाली होतो. इंजिन फिरत नसेल तर पेट्रोलचा एक थेंबही आत जात नाही.

याच्याच जोडीचा सल्ला म्हणजे ‘चोक ओढ आणि रेस देऊन किक मार’. तो जास्त नुकसान करतो. जुन्या बुलेटवर अमलचा कार्ब्युरेटर असायचा, नंतरच्या गाड्यांवर मिकुनीच्या घडणीचा मिककार्ब आला. मिककार्बच्या अंगावर जो खटका असतो त्याला आपण चोक म्हणतो, पण तो हवेची वाट अडवत नाही. तो पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट उघडतो. त्या वाटेतून पेट्रोल खेचलं जातं ते इंजिनाच्या ओढीने, आणि ही ओढ स्लाइड बंद असतानाच जोरात असते. मूठ उघडली की ओढ पडते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. तेव्हा मिककार्ब असेल तर चोक लावा, मुठीला हात लावू नका आणि किक मारा.

अमलच्या कार्ब्युरेटरला आणि जावाच्या जिकॉव्हला टिकलर असतो. हे छोटं बटण दाबलं की आतला फ्लोट खाली ढकलला जातो आणि पेट्रोलची पातळी नेहमीपेक्षा वर चढते. ‘पेट्रोल खाली गळेपर्यंत दाबायचं’ असं सांगणारे भरपूर भेटतात. टिकलरच्या कडेला पेट्रोलची ओल दिसली की काम झालं, तिथेच थांबायचं. त्यापुढे प्लग ओला होतो, आणि इंजिनावर सांडलेलं पेट्रोल ठिणगी मिळाली तर पेट घेतं. जावा-राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत जादा पेट्रोल क्रँककेसमध्ये साचून राहतं आणि मग कितीही किका मारा, गाडी पकडत नाही. अशी फ्लड झालेली गाडी सोडवायची तर कॉक बंद करा, चोक काढा, स्विच बंद ठेवा, प्लग काढून पुसा, मूठ पूर्ण उघडा आणि चार-सहा किका मारून आतलं पेट्रोल बाहेर काढा. प्लग बाहेर असताना स्विच चालू ठेवू नका, कारण भोकातून उडणारं पेट्रोल पेटू शकतं. गरम इंजिनाला टिकलर आणि चोक दोन्ही लागत नाहीत.

आता किकबद्दल. बुलेटचा पिस्टन ७० मि.मी. व्यासाचा आणि स्ट्रोक ९० मि.मी. लांब. कॉम्प्रेशनच्या भिंतीवर थेट पाय आपटला तर पैलवानही हरतो. पिस्टन त्या भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवायचा आणि मग किक मारायची, म्हणजे पुढचं कॉम्प्रेशन येईपर्यंत जड फ्लायव्हीलला वेग घ्यायला जागा मिळते.

आधी क्लच दाबून एक-दोन किका मारा. रात्रभर गार तेलात चिकटलेल्या क्लच प्लेटा त्याने सुटतात. मग कॉक चालू, चोक किंवा टिकलर, आणि स्विच बंद ठेवूनच दोन सावकाश किका, म्हणजे मिश्रण सिलिंडरपर्यंत पोचतं. आता स्विच चालू करून हेडलाइटच्या वरच्या अँपिअर मीटरकडे बघा. पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, मिटलेले असतील तर काटा वजाच्या बाजूला झुकलेला असतो. किक हळूहळू खाली दाबत न्या. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ आला. तिथे डिकॉम्प्रेसर, म्हणजे कॉम्प्रेशन सोडणारा खटका, दाबून किक आणखी थोडीशी सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग अंगाचं वजन टाकून शेवटपर्यंत न्या. अर्धवट, झटक्याची किक सगळ्यात वाईट. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच पडते, आणि वेग कमी असेल तर स्फोट पिस्टनला मागे लोटतो. किक उलटी मारते ती अशी, आणि त्यात घोटा दुखावतो. गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पायात बूट घाला, चपलेवर किक मारू नका. काट्याची ही खूण पॉइंटवाल्या गाडीतच दिसते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या बुलेटमध्ये पायाला लागणाऱ्या दाबावरूनच माथा ओळखावा लागतो.

सुरू झाल्यावर दहा मिनिटं जागेवर गाडी तापवायची, हेही चुकीचं. चोकवर चालणारं इंजिन सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलने धुऊन काढतं आणि प्लग काळा करतं. अर्ध्या-एक मिनिटात इंजिन स्थिरावलं की चोक काढा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या हाताने चालवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

गाडी सुरू झाली नाही की आपण आधी कार्ब्युरेटर खोलतो. माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आधी प्लग काढून बघा. सात-आठ किकांनंतर तो ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, तेव्हा शंका ठिणगीवर घ्या: बॅटरी, कंडेन्सर, किंवा पॉइंटचा गॅप, जो बुलेटमध्ये ०.३५ ते ०.४० मि.मी. हवा. प्लग कोरडा असेल तर कॉक आणि जेट तपासा. चोकवर चालणारी, पण तापल्यावरही चोक काढताच बंद पडणारी गाडी बहुतेक वेळा पायलट जेट चोंदल्याचं सांगत असते.

एक कारण मात्र नवं आहे. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला वजनाने फक्त ९ पट हवा लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ पडतं. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणून थंडीत गाडी पकडायला वेळ लागतो. प्लगचं टोक कॉफीच्या रंगाऐवजी पांढरट दिसत असेल, तर मेकॅनिककडून पायलट जेट एक नंबर मोठा घालून बघा. इथेनॉल ओलावाही धरतं आणि फ्लोटच्या वाटीत गंज आणतं. तेव्हा रात्री कॉक बंद करायला विसरू नका, आणि गाडी पंधरवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटीत पेट्रोल साचून राहणार नाही.