जुन्या गिटारचे मोल किंमतचिठ्ठीवर नव्हे, दांडीच्या कोनात

मुंबई : ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक गटाचा गायक कर्ट कोबेन याने १९९३ मध्ये ‘एमटीव्ही अनप्लग्ड’च्या कार्यक्रमात वाजवलेली १९५९ ची मार्टिन गिटार जून २०२० मध्ये लिलावात सुमारे ६० लाख डॉलरना विकली गेली. गिटारला मिळालेली ती तोवरची सर्वाधिक किंमत होती. याच कोबेनने १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बममधील ‘पॉली’ हे गीत मात्र भंगारसामानाच्या दुकानातून मिळवलेल्या एका स्वस्त ‘स्टेला’ गिटारवर ध्वनिमुद्रित केले होते. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेला एखादा तरुण तेथील ‘थ्रिफ्ट स्टोअर’मध्ये धूळ खात पडलेली लाकडी गिटार उचलतो, तेव्हा त्याच्या मनात या दोन्ही गिटारी एकदमच असतात. हाती येते ती बहुधा तिसरीच.

थ्रिफ्ट स्टोअर म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून त्या पैशातून समाजकार्य चालवणारे दुकान. ‘गुडविल’ ही संस्था १९०२ मध्ये बॉस्टन येथे एका धर्मोपदेशकाने सुरू केली. ‘साल्व्हेशन आर्मी’चीही अशी दुकाने गावोगावी आहेत. कपडे, भांडी, खेळणी यांच्या ढिगात एखादे वाद्य येते आणि त्यावर किंमत लिहिणारा कर्मचारी वाद्यांचा जाणकार असेलच असे नाही. जुन्या गिटारच्या शिकारीचे सारे आकर्षण येथेच आहे. परंतु हा डाव आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. गुडविलने १९९९ मध्ये स्वतःचे ऑनलाइन लिलावस्थळ सुरू केले आणि ओळखीच्या नावाची वाद्ये दुकानात मांडली जाण्याऐवजी तिकडे जाऊ लागली. फळीवर उरते ते मुख्यतः एकेकाळी घरोघरी विकले गेलेले स्वस्त वाद्य. त्यातही चांगले सापडते; मात्र ते नावावरून नव्हे, तब्येतीवरून ओळखावे लागते.

ही तब्येत सर्वांत आधी दांडीत दिसते. पोलादी तारांची गिटार सुरात लावली की सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण वाद्यावर अहोरात्र पडतो. तीस-चाळीस वर्षांत या ताणाने खोक्याचा आकार किंचित बदलतो, घोडीजवळची फळी फुगते आणि दांडी पुढच्या बाजूस कलते. हा बदल अंशाच्या लहानशा भागाइतका असतो, पण परिणाम मोठा होतो : तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटे दुखतात आणि वरच्या पडद्यांवर सूर चढा लागतो. बाराव्या पडद्यापाशी जाड तार आणि पडदा यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असावे. खिशातील तीन बँक कार्डे एकावर एक ठेवली की जवळपास तेवढीच जाडी होते. तार त्याहून बरीच वर असेल, तर पुढे पाहणे आले.

पाहायचे असे. लांब, सरळ पट्टी दांडीच्या मध्यावर पडद्यांवर आडवी टेकवून घोडीच्या दिशेने सरकवावी. पट्टीचे टोक घोडीच्या वरच्या कडेशी किंवा तिच्या किंचित वर आले, तर कोन शाबूत आहे. टोक घोडीच्या पुढच्या अंगावर आदळले, तर दांडी सोडवून, सांधा पुन्हा तासून बसवावा लागणार. दांडी व खोके यांचा पारंपरिक सांधा सरसाने चिकटवलेला असतो. कारागीर त्यात वाफ सोडून तो मोकळा करतो. अमेरिकेत या कामाला काही शेकडो डॉलर लागतात. मार्टिन किंवा गिब्सन असेल तर हा खर्च सोसण्याजोगा ठरतो. चाळीस डॉलरच्या स्टेलावर तो केला, तर त्याला केवळ हौस म्हणावे लागेल.

एक फसवणूक येथे वारंवार घडते आणि ती विक्रेत्याने केलेली नसते. तारा उंच झाल्या की आधीचा मालक घोडीवरील हाडाची पट्टी, म्हणजे सॅडल, घासून घासून खाली आणतो. त्यामुळे तारांची उंची दुकानात ठीक दिसते. प्रत्यक्षात दुरुस्तीची वेळ आधीच टळून गेलेली असते. सॅडल घोडीच्या वर जेमतेम नखाएवढे उरले असेल, किंवा खुद्द घोडीच रंधा मारून पातळ केलेली दिसली, तर तारांच्या उंचीवर विश्वास ठेवू नये. दुसरा गैरसमज दांडीतील लोखंडी सळईविषयीचा. ही सळई फिरवली की सारे ठीक होते, असे सर्रास सांगितले जाते. ती दांडीची कमान सरळ करते. खोक्याशी असलेला कोन ती बदलू शकत नाही. शिवाय प्रत्येक गिटारीत ती फिरवता येतेच असे नाही. गिब्सनने अशी सळई १९२० च्या दशकात आणली, मार्टिनने मात्र १९८५ पर्यंत आणली नाही. अनेक जुन्या शिकागो-निर्मित गिटारींच्या माथ्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असे छापलेले आढळते. त्या शब्दांचा अर्थ आत पोलाद आहे एवढाच.

बाकीचे दोष त्या मानाने लवकर दिसतात. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकला तर ती सुटू लागली आहे. फळीवर बोटाने हलके टकटक करताना खुळखुळ ऐकू आली तर आतली एखादी पट्टी निखळली आहे. मोबाइलचा कॅमेरा तारांखालून आत घातला की ते दिसतेही. लाकडाच्या रेषेबरोबर गेलेली चीर बहुधा दुरुस्त होते. सांध्यापाशी किंवा दांडीच्या माथ्याजवळ गेलेला तडा गंभीर समजावा. खुंट्या बदलता येतात, त्यांची चिंता नको.

नावांचा उलगडा त्यानंतर करावा. शिकागोच्या ‘हार्मनी’ कंपनीने १८९२ पासून १९७५ पर्यंत प्रचंड संख्येने वाद्ये बनवली; सीअर्स या बड्या विक्रेत्याने ती ‘सिल्व्हरटोन’ नावानेही विकली. हार्मनीच्या खोक्यात आतून शाईचा शिक्का असतो आणि त्यातील दोन अंकांवरून निर्मितीचे वर्ष कळते. यांपैकी बऱ्याच गिटारींत तबलीखालच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतात, तर मार्टिनने रूढ केलेल्या रचनेत त्या फुलीसारख्या. शिडीच्या रचनेचा आवाज कोरडा, ठोक लागतो. ब्ल्यूजच्या चाहत्यांना नेमका तोच हवा असतो. हार्मनीचे ‘सॉव्हरिन’ हे अस्सल स्प्रूस व महोगनीचे प्रारूप मात्र वेगळ्या पंक्तीतले आहे.

स्टेला या नावाने तर अनेकांना चकवले आहे. न्यू जर्सीच्या ऑस्कर श्मिट कंपनीने बनवलेल्या मूळ स्टेला संग्राहक शोधत फिरतात. लेड बेली या लोकगायकाची बारा तारांची गिटार त्याच घराण्यातली. १९३९ मध्ये हे नाव हार्मनीकडे गेले आणि पुढे अनेक दशके ते नवशिक्यांच्या स्वस्त गिटारींवर छापले गेले. दुकानात दिसते ती बहुतेक वेळा ही दुसरी स्टेला.

जपानी गिटारींकडे अजूनही अनेक जण दुर्लक्ष करतात. १९६६ पासून निघालेल्या, आत तांबडी चिठ्ठी असलेल्या यामाहा ‘एफजी’ मालिकेची पुढची फळी प्लायवूडची आहे, तरीही तिचा आवाज नावाजला जातो. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात कंट्री जो मॅकडॉनल्ड याच्या हाती हीच मालिका होती. अस्सल फळी की प्लायवूड, हे ध्वनिछिद्राच्या कडेला कळते : वरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरल्या तर फळी अखंड, मध्ये थर दिसले तर प्लायवूड. तरीही तेवढ्यावरून वाद्य नाकारू नये, हे यामाहाच्या उदाहरणावरून दिसते.

तारा नायलॉनच्या आहेत की पोलादी, हे पाहिल्याशिवाय खरेदी करणे म्हणजे निव्वळ जुगार. नायलॉनसाठी घडवलेल्या क्लासिकल गिटारीवर कोणी पोलादी तारा चढवल्या असतील, तर घोडी उखडण्याची आणि फळी बसण्याची शक्यता मोठी. अशा गिटारीला नखीपासून रक्षण करणारे आवरणही नसते. अमेरिकी गायक विली नेल्सन याने १९६९ मध्ये घेतलेल्या मार्टिन एन-२० वर आयुष्यभर नखी चालवली आणि फळीला भगदाड पडले. ती गिटार त्याने तरीही सोडली नाही, पण तो अपवाद झाला.

चुकून मार्टिन सापडलीच, तर तिची ओळख पटवणे सर्वांत सोपे. १८९८ पासूनचे क्रमांक सलग असून दर वर्षाचा अखेरचा क्रमांक प्रसिद्ध आहे. १९३० पासून प्रारूपाचे नावही आत, दांडीच्या टोकाशी असलेल्या ठोकळ्यावर कोरलेले असते. गिब्सनच्या बाबतीत अशी सोय नाही, कारण १९६० च्या दशकात तेच क्रमांक पुन्हा पुन्हा दिले गेले.

याच मार्टिनच्या इतिहासात भारताचा एक धागा आहे. ब्राझीलने शिसवाच्या गोल ओंडक्यांची निर्यात रोखल्यानंतर १९६९ च्या सुमारास मार्टिनने ‘डी-२८’सारख्या गिटारींच्या पाठी व बाजूंसाठी भारतीय शिसव वापरायला घेतले. त्यामुळे सत्तरच्या दशकातील अनेक अमेरिकी गिटारींची पाठ दक्षिण भारतातील जंगलातून गेलेली आहे. बाजारात त्याआधीच्या ब्राझिली शिसवाला कितीतरी अधिक किंमत येते, आणि मायदेशी परतणाऱ्याची अडचणही तेथेच सुरू होते. ब्राझिली शिसव १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. जानेवारी २०१७ मध्ये शिसवाची संपूर्ण प्रजातीच नियंत्रणाखाली आली. इतर शिसवाच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली, ब्राझिली शिसवाला मिळाली नाही. जुन्या गिटारीचे सॅडल किंवा नट हस्तिदंती असेल तर तोही निर्बंधाचा विषय. अशी गिटार सीमेपार न्यायची, तर वाद्य कराराआधीचे असल्याचा पुरावा आणि परवाना प्रवासापूर्वीच हाती हवा. विमानतळावर ते जमत नाही. महोगनीच्या ‘डी-१८’च्या पाठी व बाजूंच्या लाकडाला हा त्रास नाही. 

हवामानाचा प्रश्न त्यानंतरचा. गिटारीला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. अमेरिकेतील उबवलेल्या, कोरड्या घरात दशके काढलेले वाद्य थेट कोकणच्या किंवा कोलकात्याच्या पावसाळ्यात आले की लाकूड फुगते, तबली वर येते आणि जुना सरस सैल होऊ शकतो. पेटीत आर्द्रतामापक ठेवावा, ओलावा शोषणाऱ्या पुड्या वापराव्यात आणि पहिले काही आठवडे तारा सुरापेक्षा उतरवूनच ठेवाव्यात. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत मात्र ती एक दुपारही ठेवू नये.

घरी आणल्यावर ओल्या फडक्याने धूळ पुसण्यापलीकडे काही करू नये. जुने पॉलिश घासून नवे चढवले की वाद्य चकचकीत दिसते आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत कोसळते. कारागिराने खुंट्या किंवा सॅडल बदलले, तर काढलेले मूळ भाग त्याच्याकडून मागून घ्यावेत आणि कागदी पाकिटात घालून गिटारीच्या पेटीतच ठेवावेत.