'सुमार' : एका शब्दाची घसरण

गेल्या वर्षी माझ्या एका निबंधावर सरांनी तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला : 'सुमार'. वही मी वर्गात कोणाला दाखविली नाही. खोलीवरच्या माझ्या कन्नड मित्राने मात्र ती पाहिली आणि म्हणाला, "सुमारु ना? मग त्यात रडण्यासारखे काय आहे?"

त्याचे म्हणणे खरे होते. जेवण कसे होते, असे विचारले की तो "सुमारित्तु" म्हणतो; म्हणजे उत्तम नव्हे, पण टाकाऊही नव्हे. एकच शब्द, मला तो झोंबला आणि त्याला झोंबला नाही. असे का, म्हणून मी त्या शब्दाच्या मागे लागलो.

शब्द मूळचा फारसी. 'शुमार' म्हणजे मोजणी. मराठीत 'श'चा 'स' झाला. 'खानेसुमारी' या जुन्या शब्दात, म्हणजे घरांच्या मोजणीत, हा मूळ अर्थ अजून शाबूत आहे. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. त्यानंतरच्या शतकांत फारसी दप्तराच्या वाटेने जमा, खर्च, बाकी असे कितीतरी शब्द मराठीत आणि कन्नडात आले.

मोजणीवरून अर्थ अंदाजाकडे गेला : 'सुमारे शंभर माणसे', 'दुपारच्या सुमारास', कन्नडात 'सुमारु नूरु मंदि'. जे मोजता येते त्याला मर्यादा असते, म्हणून 'गर्दीला सुमार नव्हता' आणि 'बेसुमार खर्च'. जे मर्यादेत, बेताचे, ते मध्यम. येथवर दोन्ही भाषा बरोबर चालल्या. पुढे मराठीतला 'सुमार' आणखी एक पायरी उतरला. आज 'सुमार दर्जाचे नाटक' म्हटले, की लोक तिकीट काढीत नाहीत.

ही घसरण कशाने झाली? मला वाटते, आपल्या सभ्यपणाने. तोंडावर 'वाईट' म्हणवत नाही, म्हणून आपण मधला शब्द वापरतो. ऐकणारा मनातले ओळखतो आणि त्या शब्दालाच वाईटाचा रंग चढतो. 'यथातथा'चेही तसेच. संस्कृतात तो 'जसे आहे तसे' म्हणजे खऱ्याचा शब्द. मराठीत मात्र 'प्रकृती यथातथाच' म्हटले, की काळजी वाटते.

सरांच्या मनात कोणता अर्थ होता, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. निबंध मात्र पुन्हा लिहिला. या लेखालाही कोणी 'सुमार' म्हटले तर माझी हरकत नाही. फक्त ते कन्नडमधून म्हणावे, एवढीच विनंती!